कुत्र्याचा मल व त्याचें आरोग्य

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत घराचा दिवस पाळीवर चालतो. पहिल्या पाळीचा माणूस पहांटे घर सोडतो, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीच्या सुमारास परततो आणि तिसऱ्या पाळीचा सकाळीं येऊन झोपतो. अशा घरीं कुत्रा असला म्हणजे त्याला सकाळीं खालीं फिरावयास नेणारा एक, रात्रीं नेणारा दुसरा आणि रविवारीं तिसराच असतो. पुढें एके दिवशीं कुत्रा खाणें सोडतो. त्याला पशुवैद्याकडे घेऊन जाणारें माणूस बहुधा चौथें असतें. पशुवैद्य पहिल्याच दोन प्रश्नांत विचारतो, ‘शौचास कसें होत आहे आणि कधींपासून?’ तेथें जमलेल्यांपैकीं कोणालाच उत्तर देतां येत नाहीं. ज्यानें पाहिलेलें असतें तो त्या वेळीं यंत्रापाशीं उभा असतो.

हा प्रश्न निव्वळ रीतीखातर विचारलेला नसतो. माणसाला दुखतें कोठें, मळमळतें कीं नाहीं, हें तोंडानें सांगतां येतें. कुत्र्याला तें सांगतां येत नाहीं, आणि पुष्कळ कुत्रे तर दुखणें अंगावर काढून शेपूट हालवीत राहतात. पोटांत काय चाललें आहे याची रोज बाहेर येणारी खूण म्हणजे मल. त्याकडे पाहतांना किळस येते हें खरें, परंतु तो उचलून टाकण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळांत तो पाहूनही होतो.

रोग्याच्या मलाकडे पाहण्यांत आपल्या जुन्या वैद्यांना कधीं कमीपणा वाटला नाहीं. ‘योगरत्नाकर’ ग्रंथांतील अष्टविध परीक्षेंत नाडी व मूत्र यांच्या पाठोपाठ मलाचा क्रम लागतो. मल पाण्यांत बुडतो कीं तरंगतो, यावरून तो आम कीं पक्व हें ठरविण्याची रीतही आयुर्वेदांत आहे. ती कसोटी जशीच्या तशी कुत्र्याला लावावयाची नाहीं. पण पाहण्याची संवय घेण्यासारखी आहे. पशुरोगांच्या आधुनिक अभ्यासाशीं तर पुण्याचा संबंध फार जुना. आज उत्तर प्रदेशांत इज्जतनगर येथें असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा प्रारंभ १८८९ सालीं पुण्यांतच एका जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेच्या रूपानें झाला आणि १८९३ मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वरला हलविण्यांत आली. त्या काळीं तिच्यापुढें गुराढोरांच्या सांथी होत्या. घरांतल्या कुत्र्याच्या पोटाकडे पाहण्यास कोणाला सवड नव्हती.

निरोगी प्रौढ कुत्र्यास दिवसांतून एक ते तीन वेळां शौचास होतें. मल तपकिरी, ओलसर पण घट्ट, उचलतांना आकार न सोडणारा आणि जमिनीवर फारसा डाग न ठेवणारा असतो. तपकिरी रंग येतो तो पित्तामुळें. पित्तांतील रंगद्रव्यावर आंतड्यांतील जंतूंची क्रिया होऊन तो तयार होतो. घट्टपणा मोजण्यासाठीं पशुवैद्य सात पायऱ्यांचें एक कोष्टक वापरतात. पहिल्या पायरीवर शेळीच्या लेंड्यांसारखे कोरडे गोळे, सातव्या पायरीवर नुसतें पाणी, आणि चांगला मल दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा. परंतु कोष्टकापेक्षां त्या विशिष्ट कुत्र्याची रोजची रीत अधिक महत्त्वाची. एखादा कुत्रा जन्मभर थोडासा सैल मल टाकीत धडधाकट राहतो; दुसऱ्या एखाद्याला तेवढाच सैलपणा म्हणजे दुखण्याची सुरुवात असते. रोजचें ठाऊक असल्यावांचून बदल ओळखतां येत नाहीं.

रंगांविषयीं थोडक्यांत सांगतां येतें. हिरवट रंग बहुधा गवत खाल्ल्यानें किंवा अन्न आंतड्यांतून फार वेगानें पुढें सरकल्यानें येतो. खडूसारखा पांढरा, भुसभुशीत मल हाडें खाणाऱ्या कुत्र्याचा. राखेसारखा किंवा मातकट फिका मल पित्त आंतड्यांत पोंचत नसल्याचें सुचवितो. फिका, तेलकट, दुर्गंधियुक्त आणि परिमाणानें भलताच मोठा मल, त्याबरोबर कुत्र्याची भूक वाढलेली आणि अंग मात्र रोडावत चाललेलें, असें चित्र दिसलें तर स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडत असण्याचा संभव असतो. जर्मन शेफर्ड जातींत हा विकार विशेष आढळतो. ‘खातो तर एवढा, मग लागत कां नाहीं?’ असें म्हणत कित्येक महिने त्याचें अन्न वाढवीत जाणारीं घरें आहेत. रक्ताची एक साधी तपासणी तेथें उलगडा करते, आणि नंतर अन्नांत पाचक द्रव्यांची पूड मिसळून तो कुत्रा पुष्कळ वर्षें चांगला जगूं शकतो.

जुलाब हा शब्द आपण सरसकट वापरतों. पशुवैद्य मात्र लगेच दुसरा प्रश्न विचारतो: थोडेंथोडें पुष्कळ वेळां, कीं पुष्कळसें थोड्या वेळां? या एका उत्तरावरून बिघाड लहान आंतड्यांत आहे कीं मोठ्या, याचा बराचसा अंदाज बांधतां येतो. लहान आंतड्याचें काम अन्नरस शोषण्याचें. तें बिघडलें म्हणजे न शोषलेलें अन्न व पाणी तसेंच पुढें येतें. मल पातळ आणि भरपूर होतो, पण वेळा फारशा वाढत नाहींत. वांत्या असूं शकतात, पोटांत गुरगुर होते, आणि दुखणें लांबलें तर वजन उतरतें. मोठ्या आंतड्याचें काम पाणी ओढून घेण्याचें व मल सांठविण्याचें. त्यास सूज आली म्हणजे सांठवण सहन होत नाहीं; कुत्रा दिवसांतून सहा-आठ वेळां दाराशीं जातो, कुंथतो, चमचाभर मल टाकतो, आणि त्यावर शेंबडासारखा चिकट थर किंवा शेवटीं ताज्या रक्ताचे चार थेंब दिसतात. हें दृश्य घरच्यांना फार भयंकर वाटतें. वस्तुतः कुत्रा हुशार व खातापीता असेल, तर मोठ्या आंतड्याचा असा बिघाड बहुधा कांहीं दिवसांत आटोक्यांत येतो. उलट, रक्ताचा थेंबही नसलेला, पण आठवड्यामागून आठवडा चाललेला भरपूर पातळ मल अधिक काळजीचा असतो. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या जुलाबाला पशुवैद्य जुनाट समजतात आणि त्याचा तपास निराळ्या पद्धतीनें करतात.

कुंथण्यासंबंधीं येथेंच एक इशारा देणें अवश्य आहे. कुंथणारा कुत्रा पाहिला कीं त्याला बद्धकोष्ठ झालें असें समजून घरांतील रेचक देण्याची चाल आहे. परंतु तो मोठ्या आंतड्याच्या सुजेमुळें कुंथत असेल, गिळलेल्या हाडांच्या चुऱ्यामुळें कुंथत असेल, किंवा त्याला लघवीच होत नसेल. मूत्रमार्ग खड्यानें अडलेला नर कुत्रा अगदीं तशाच बैठकीनें जोर करतो आणि त्याच्या बाबतींत एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. खच्ची न केलेल्या उतारवयाच्या नराचा मल फितीसारखा चपटा येऊं लागला, तर पुरःस्थ ग्रंथि वाढून मागच्या मार्गावर दाब पडत असावा. आणि वांत्या चालू आहेत पण शौचास मुळींच होत नाहीं, असें तरुण कुत्र्याच्या बाबतींत दिसलें, तर त्यानें काय गिळलें असावें याचा घरांत शोध करावा. मोजा, चेंडूचा तुकडा, दोरा, आणि या पट्ट्यांत ठिकठिकाणीं पडलेली खोक्यांची प्लास्टिकची पट्टी, यांपैकीं कांहींही आंतडें बंद करूं शकतें.

आतां रक्ताकडे वळूं. लाल रक्त ओळखण्यास शिकवावें लागत नाहीं. काळ्या रक्ताची गोष्ट मात्र निराळी आहे. जठरांत किंवा लहान आंतड्याच्या वरच्या भागांत रक्त वाहिलें, तर वाटेंत तें पचून मल डांबरासारखा काळा, चकचकीत व चिकट होतो. त्याला लाल छटा नसते, म्हणून घरच्यांना तें रक्त वाटतच नाहीं. ‘काल कलेजी खाल्ली होती’ असें म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. कलेजीनें किंवा लोहाच्या औषधानें मल काळसर होतो हें खरें. शंका असल्यास ओल्या पांढऱ्या कागदावर मलाचा लहानसा तुकडा ठेवून पाहावा; भोंवतीं तांबूस डाग पसरला तर रक्ताचा संशय बळावतो. डाग न पसरला म्हणून मात्र निर्धास्त राहूं नये.

अशा काळ्या मलाचीं या भागांत वारंवार संभवणारीं कारणें तीन. पहिलें कारण घरच्या औषधांच्या डब्यांतलें. लंगडणाऱ्या कुत्र्याला माणसाची वेदनाशामक गोळी अर्धी करून दिली जाते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरास फार लवकर व्रण पाडतें, आणि पायाचें दुखणें थांबविण्यासाठीं दिलेल्या गोळीनें दोन-तीन दिवसांत काळा मल व रक्ताच्या वांत्या सुरू होतात. देणाऱ्याच्या मनांत दया असते. म्हणूनच पशुवैद्यानें विचारल्यावर ती गोळी सांगण्याचें राहून जातें. दुसरें कारण गोचीड. तपकिरी गोचीड घराच्या भिंतींच्या फटींतसुद्धां राहतो व वाढतो, आणि त्याच्या चाव्यानें एर्लिकिया नांवाचे सूक्ष्म जंतु कुत्र्याच्या रक्तांत शिरतात. १९३५ सालीं अल्जीरियांत दोनातियां व लेस्तोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं या रोगाचें प्रथम वर्णन केलें. यांत रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी होतात. मग मल काळा होणें, नाकांतून रक्त येणें, हिरड्यांवर व पोटाच्या कातडीवर टांचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठणें, असा प्रकार दिसूं लागतो. वेळींच ओळखल्यास हा रोग औषधानें बरा होतो. तिसरें कारण अंकुशकृमि. तोंडांतील आंकड्यांनीं आंतड्यास चिकटून हा जंत रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारें दशांश घन सेंटिमीटर रक्त घालवितो. हा आंकडा क्षुद्र वाटतो. पण महिन्याभराच्या पिल्लाच्या पोटांत असे दोनशे जंत असले म्हणजे दिवसाला वीस घन सेंटिमीटर रक्त गेलें, आणि त्या पिल्लाच्या अंगांत एकूण रक्त तें किती! हे जंत आईच्या दुधांतून पिल्लांत येतात, म्हणून ‘पिल्लूं अजून घराबाहेर गेलेंच नाहीं’ या म्हणण्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. पांढऱ्याफटक हिरड्या व काळा मल असलेलें पिल्लूं त्याच दिवशीं पशुवैद्याकडे पोंचलें पाहिजे.

पिल्लांचा विषय निघाला म्हणजे पार्व्होविषयीं सविस्तर सांगणें प्राप्त आहे, कारण जुलाब किती दिवस पाहावे आणि केव्हां धांवावें या प्रश्नाला येथें जिवाचें मोल आहे. हा विषाणु जुना नाहीं. १९७८ च्या सुमारास तो जगाच्या निरनिराळ्या भागांत एकदम प्रकट झाला आणि कुत्र्यांच्या अंगीं त्याच्याविरुद्ध कोणतीच प्रतिकारशक्ति नसल्यामुळें थोड्या अवधींत सर्वत्र पसरला. मांजरांच्या अशाच एका रोगाच्या विषाणूशीं त्याचें जवळचें नातें आहे. शरीरांत ज्या पेशी झपाट्यानें वाढत असतात त्या तो गांठतो. आंतड्याच्या अस्तरांतील नव्या पेशी आणि हाडांच्या मगजांतील रक्तपेशी या त्या होत. अस्तर झडतें, त्यांतून पाणी व रक्त सुटतें, आंतड्यांतले जंतु रक्तांत शिरतात, आणि त्यांच्याशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याच वेळीं संपत आलेल्या असतात. असा हा दुहेरी घाला आहे.

विषाणु शरीरांत गेल्यावर साधारणतः तीन ते सात दिवसांत लक्षणें दिसतात. पहिल्या दिवशीं रक्त नसतें, आणि गफलत होते ती येथेंच. पिल्लूं नुसतें गप्प पडून राहतें, खाणें नाकारतें, एक-दोनदां ओकतें. मग पिवळट किंवा करडे पातळ जुलाब सुरू होतात; तांबडे, उग्र दर्पाचे जुलाब पुष्कळदां त्यानंतर येतात आणि कांहीं पिल्लांना ते येतच नाहींत. रक्त दिसण्याची वाट पाहत बसणाऱ्या घरानें तोंवर एक मोलाचा दिवस घालविलेला असतो. दिवसभर घर बंद, संध्याकाळीं सगळे परतल्यावर पाहूं, असा ज्या घरांचा क्रम आहे तेथें तर हा दिवस सहज निघून जातो. उपचार न मिळालेलीं बहुतेक पिल्लें दगावतात. तेंच शिरेंतून सलाईन, वांती थांबविणारें औषध व योग्य शुश्रूषा लवकर मिळाली तर बहुसंख्य पिल्लें वांचतात. मलाची पट्टीवरील चाचणी पशुवैद्य दहा-पंधरा मिनिटांत करूं शकतो. ती कधींकधीं चुकीनें निराळा निकाल देते, म्हणून लक्षणें स्पष्ट असल्यास तो तिच्यावरच विसंबत नाहीं.

रोगी पिल्लाच्या मलांतून विषाणु अपार संख्येनें बाहेर पडतो आणि मातींत, फटींत, पायपुसण्यांत महिनोन्‌महिने टिकतो. नेहमींच्या फिनेलनें तो मरेल असा भरंवसा नाहीं. जागा प्रथम साबणानें धुऊन घ्यावी आणि नंतर एक भाग घरगुती ब्लीच व तीस भाग पाणी असें मिश्रण दहा मिनिटें तरी त्यावर राहूं द्यावें. मातीच्या अंगणांत हाही उपाय नीट चालत नाहीं. पार्व्होनें पिल्लूं गेलेल्या घरीं दुःख विसरण्यासाठीं पंधरा दिवसांत दुसरें पिल्लूं आणण्याची चूक होते; लस पुरी न झालेलें असें पिल्लूं त्याच खोलींत त्याच रोगाला बळी पडूं शकतें. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळाव्या आठवड्यापर्यंत देत राहावें लागतें. एकच टोंचणी पुरत नाहीं, याचें कारण असें कीं आईकडून आलेलें संरक्षण लशीला निष्प्रभ करतें आणि तें कोणत्या आठवड्यांत सरेल हें प्रत्येक पिल्लाचें निराळें असतें. ‘लस झाली आहे’ असें सांगून पिल्लूं विकणाऱ्याकडून तारखा व शिक्का असलेलें टिपण मागून घ्यावें.

जंतांविषयीं घरांत माहिती बरीच असते, पण ती अर्धी असते. शेवयांसारखे लांब पांढरे जंत मलांत किंवा वांतींत दिसले तर ते गोल जंत. शेपटीखालीं किंवा अंथरुणावर वाळलेल्या तांदळाच्या दाण्यासारखे कण दिसले तर ते चपट्या जंताचे तुकडे. हा जंत पिसवांमार्फत येतो, म्हणून नुसती जंताची गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरांत दाणे पुन्हां दिसतात. अंकुशकृमि व जिआर्डिया हे मात्र मलांत डोळ्यांना सहसा दिसतच नाहींत. त्यांना सूक्ष्मदर्शकच लागतो. जंत दिसले नाहींत म्हणून पोट स्वच्छ, हा समज त्यामुळें टिकत नाहीं.

या गोष्टीचा घरच्या मुलांशींही संबंध आहे. गोल जंताच्या मादीचीं अंडीं दिवसाला हजारोंनीं मलाबरोबर बाहेर पडतात. तीं पडल्यापडल्या रोगकारक नसतात. जमिनींत दोन-तीन आठवडे मुरल्यावर होतात. तीं मातीच्या हातांतून मुलाच्या पोटांत गेलीं, तर त्यांतील अळ्या यकृतांत, फुप्फुसांत, क्वचित् डोळ्यांतसुद्धां जाऊन बसतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर ओल्या मातींतून अनवाणी पायाच्या कातडींतच शिरतात व तेथें नागमोडी, खाजरी रेघ उमटवितात. इमारतींच्या आवारांत कुत्र्याचा मल उचलावा कीं नाहीं यावर सभांतून भांडणें होतात, ती चर्चा बहुधा घाणीपुरती चालते. रोजच्या रोज उचललेल्या मलांतील गोल जंताचीं अंडीं मुलाला बाधण्याजोगीं होण्याआधींच नाहींशीं होतात, हा मुद्दा त्या सभांतून क्वचितच निघतो.

खाण्यामुळें होणारा बिघाड सर्वांत अधिक आढळणारा, आणि बहुधा सर्वांत सौम्य. एका दिवसांत अन्न बदलणें, लग्नाघरचें तेलकट मटण, दूध न सोसणाऱ्या प्रौढ कुत्र्याला वाटीभर दूध, कचऱ्यांतलें नासकें, यांनीं दोन दिवस पोट बिघडतें आणि आपोआप सुधारतें. कुत्रा प्रौढ असेल, हुशार असेल, पाणी पोटांत ठरत असेल आणि रक्त नसेल, तर एक-दोन दिवस मऊ भात व कातडी काढून उकडलेली कोंबडी, मीठ-मसाल्यावांचून, थोडीथोडी चार वेळां द्यावी. पाणी सतत पुढें असावें. पूर्वीं एक दिवस उपाशी ठेवण्याची रीत होती, ती आतां मागें पडली आहे. पिल्लाला तर उपाशी ठेवणें धोक्याचें असतें.

चाकणचें नांव निघालें कीं महाराष्ट्राला कांदा आठवतो. तेथील कांद्याचा बाजार कारखान्यांच्या पुष्कळ आधींचा. कुत्र्याच्या बाबतींत हा कांदा विषच होय. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या दर किलो वजनामागें १५ ते ३० ग्रॅम कांद्यानें रक्तांत बदल दिसूं लागतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरेसे. शिजविल्यानें किंवा वाळविल्यानें ही बाधा जात नाहीं, आणि रोज थोडथोडा रस्सा भातावर ओतला तर ती सांठत जाते. प्रथम एखादी वांती किंवा पातळ मल होतो व थांबतो. घरचे निश्चिंत होतात. पुढें तीन-चार दिवसांनीं हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या पडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते आणि कुत्रा जिना चढतांना धापा टाकूं लागतो. चार दिवसांपूर्वींच्या त्या एका जुलाबाची आठवण कोणी ठेवली असेल, तर पशुवैद्याला दिशा लवकर सांपडते.

औषधांसंबंधीं एक गोष्ट याच पट्ट्याच्या इतिहासाशीं निगडित आहे. देशांत पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार व्हावें म्हणून सरकारनें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ सालीं पिंपरीस स्थापन केला. तेथील संशोधकांनीं हामायसिन हें बुरशीविरोधी औषध शोधलें, आणि ज्या सूक्ष्म जीवापासून तें मिळालें त्याला ‘पिंप्रिना’ असें या गांवाचें नांव दिलें. प्रतिजैविकांनीं प्रसिद्धीस आणलेल्या या गांवीं घरोघरच्या डब्यांत त्यांच्या उरलेल्या गोळ्या सांपडाव्या, यांत नवल नाहीं. जुलाबाला मेट्रोनिडाझोल हा तर जणूं घरचाच उपचार झाला आहे. २०२४ सालीं युरोपांतील तज्ज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र असें सांगितलें आहे कीं, कुत्र्याच्या सौम्य व मध्यम स्वरूपाच्या तीव्र जुलाबांत, मल रक्तमिश्रित असला तरीसुद्धां, प्रतिजैविक देऊं नये. त्यानें बरें होण्याचा काल म्हणण्यासारखा कमी होत नाहीं; आंतड्यांतील उपयुक्त जंतूंचा मात्र समतोल ढळतो आणि औषधाला न जुमानणारे जंतु घरांत वाढतात. पार्व्होग्रस्त पिल्लाची, किंवा रक्तांत विष भिनल्याचीं लक्षणें दिसणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. तेथें प्रतिजैविक अवश्य लागतें, आणि कोणतें व किती हें पशुवैद्यानेंच ठरवावयाचें असतें. माणसांची जुलाब थांबविणारी लोपेरामाइडची गोळी तर कोली व तत्सम जातींच्या कांहीं कुत्र्यांना आनुवंशिक दोषामुळें मेंदूला बाधते.

तेव्हां त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा अशा अवस्था कोणत्या? सहा महिन्यांच्या आंतील पिल्लूं, फार म्हातारा किंवा आधींच मधुमेह, मूत्रपिंड यांचा रोगी असलेला कुत्रा, पुनःपुन्हां वांत्या, काळा मल, किंवा चार थेंबांहून अधिक लाल रक्त, अंग टाकून पडणें, हिरड्या कोरड्या, चिकट किंवा पांढऱ्या होणें. जांभळाच्या रसासारखे तांबडेलाल जुलाब प्रौढ कुत्र्यालाही कांहीं तासांत कोरडा करतात. तेथें रात्रपाळी संपण्याची वाट पाहूं नये.

जातांना मलाचा नमुना बरोबर असावा. झांकणाच्या स्वच्छ डबींत आंवळ्याएवढा ताजा मल पुरे. वरची माती-गवत त्यांत येऊं देऊं नये. दोन-तीन तासांत पोंचविणें शक्य नसेल, तर डबी पिशवींत बांधून शीतपेटींत खालच्या कप्प्यांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. अतिपातळ मल उचलतां येत नसेल तर मोबाइलवर त्याचें छायाचित्र घ्यावें. हल्लीं पशुवैद्य तेंच प्रथम मागतात. एका नमुन्यांत कांहीं आढळलें नाहीं म्हणून तपास संपत नाहीं. जिआर्डियासारखे जीव रोजच बाहेर पडतात असें नाहीं, म्हणून निरनिराळ्या दिवसांचे तीन नमुने मागविले जातात.

आणि पाळ्यांच्या घरासाठीं साधी सोय अशी: कुत्र्याचा पट्टा ज्या खुंटीला टांगतात, तिच्याशेजारीं एक दिनदर्शिका व दोरीनें बांधलेली पेन्सिल ठेवावी. फिरवून आणणाऱ्यानें त्या तारखेच्या चौकोनांत तीन गोष्टी टिपाव्या: किती वेळां, घट्ट कीं पातळ, आणि रंगांत किंवा आंत कांहीं निराळें दिसलें काय. रोजच्यासारखें असल्यास एक बरोबरची खूण पुरे. गोचिडाचें औषध, जंताची गोळी, लशीची तारीख व नव्या अन्नाची सुरुवात हींही तेथेंच लिहावीं. पशुवैद्याकडे निघतांना त्या महिन्याचें पान फाडून डबीबरोबर घ्यावें.